पायरी

सेलूत मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर
माझ्या पार्लरला तीन पायऱ्या आहेत.
चैत्र सरत आला की सगळ्यात खालची
हुरमतबीची होते.
गोणपाट, सरोता, डब्यात चुलीची राख.
ती विचारून बसली नाही,
मीही कधी विचारलं नाही.

लोक पिशव्या भरून कैऱ्या आणतात.
फोडायचे किलोला दहा रुपये.
कच्चकन् कोय दुभंगते,
आतलं बी उडून नालीत पडतं.
फोडीला बाठा धरून राहिला पाहिजे,
नाहीतर खार आषाढातच लिबलिबीत होतो.
पाडाला लागलेली कैरी
ती नुसत्या वासावरून बाजूला सारते:
"ही खाराची नाही, बाई. हिचा मेथांबा घाल,
आन् गुळाला हात आखडू नको."

वर, आरशासमोर,
पोस्टातल्या निटूरकर बाईंच्या गालांवर
मी केशर आंब्याचा गर लावत असते.
गर, चमचाभर बेसन, दोन थेंब मध.
भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, कांती, तजेला.
वीस मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही.

एकदा लाईट गेली, दार उघडं ठेवलं,
आणि खालून हुरमतबीनं पाहिलं.
"काय लावायलीस गं त्यांच्या तोंडाला?"
"आंबा."
"कोणता?"
"केशर."
ती एवढी हसली की सरोता खाली ठेवावा लागला.
"अगं, पोटातून जाऊ दे की!
तूप घाल, सुंठ घाल, कुरडई मोड त्याच्यात.
आन् खायच्या आधी घटकाभर पाण्यात ठेवा म्हणावं,
नाहीतर ह्याच गालावर पुटकुळ्या."
निटूरकर बाईंना हसू आवरेना.
कपाळावरचा थर तडकला.
त्या दिवशी मी अर्धेच पैसे घेतले.

मग ती दुपार.
बर्फ पोचवणारा अल्ताफ
सायकल भिंतीला टेकवून पायरीशी बसला
आणि बसल्या बसल्या कलंडला.
मी रिक्षा बघायला धावले.
येऊन बघते तर हुरमतबीनं
इस्त्रीवाल्याच्या निखाऱ्यातली,
स्वतःच्या भाकरीसोबत खायला ठेवलेली कैरी सोलून
त्याच्या तळपायांना चोळायला घेतलेली.
डोळे उघडले तसं गूळ-मिठाचं पन्हं,
घोट घोट, ओरडत ओरडत, "गिळ!"
दवाखान्यात सलाईन लावावं लागलंच.
डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.
संध्याकाळी तिनं विचारलं,
"कैरीचं काही बोलला का डागतर?"
मी म्हणाले, हो.

तेव्हा बल्बखाली तिचे हात नीट दिसले.
बोटांच्या बेचक्यांत काळे डाग,
अंगठ्याची कातडी सोलून गुळगुळीत.
"चीक हाय. राखेनं जातोय थोडा.
वैशाखात रेशनच्या मशीनवर
माझा अंगठा उठत नाही. सून जाती."
हे तिनं ऊन फार आहे म्हणावं तसं सांगितलं.

फ्रिजमध्ये सकाळचा गर उरला होता.
खुर्चीत बस म्हटलं तर ऐकेना,
मधल्या पायरीपर्यंत आली फक्त.
मी दोन्ही हातांना थापला, मनगटापर्यंत.
"वीस मिनिटं," मी म्हणाले.
ती हात समोर धरून बसली,
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिलेत तसे.

पाच मिनिटांत करंगळी तोंडात गेली.
"केशर नाही हा," ती म्हणाली.
"शेपूचा वास मारायला. गावरान शेप्या हाय,
रंगाला भुललीस.
डझनाला किती दिले?"
मी सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारून घेतला.
गर तिथंही लागला.